जुन्या मारुती ८०० चं मीटर उजळवायचंय? मग बल्ब मागवायच्या आधी हे वाचा

ज्यांच्याकडे अजून जुनी मारुती ८०० आहे, म्हणजे ती कार्ब्युरेटरवाली, सकाळी चोक ओढून सुरू करायची, त्यांच्यासाठी हे लिहितोय. रात्री हेडलाइट लावला की मीटरचा अर्धा भाग दिसतो, अर्धा अंधारात, पेट्रोल किती आहे ते बघायला मोबाइलचा टॉर्च मारावा लागतो, मग माणूस वैतागून ऑनलाइन "मीटर एलईडी" मागवतो, दहाचं पाकीट येतं, निळेशार बल्ब, ते लावतो आणि बघतो तर आकडे आधीपेक्षा वाईट दिसतायत, अप्परचा (हाय बीमचा) दिवा लागत नाही आणि चार दिवसांनी बॅटरी बसते. हे टाळता येतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, मीटर मंद दिसण्याचं कारण बऱ्याचदा बल्ब नसतोच. आत साचलेली धूळ, काळवंडलेले कॉन्टॅक्ट, ढिली अर्थिंग आणि पिवळा पडलेला आतला पांढरा रंग, एवढं नीट केलं की निम्मं काम होतं आणि ते जवळपास फुकटात होतं. एलईडी त्याच्यानंतर.

ही पद्धत झेन, ओम्नी, पद्मिनी कशालाही चालेल, फक्त स्क्रू आणि क्लिपा वेगळ्या जागी असतील. ज्या गाडीचं मीटर पूर्ण इलेक्ट्रॉनिक आहे, किलोमीटर स्क्रीनवर दिसतात, तिला हे लागू नाही.

१. आधी ठरवा नक्की काय पाहिजे

"मीटर अपग्रेड" म्हटलं की लोक चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र करतात.

पहिली, आहे ते मीटर साफ करून चांगल्या एलईडी लावणं. नव्वद टक्के लोकांना खरं तर एवढंच पाहिजे असतं.

दुसरी, दुसऱ्या गाडीचं किंवा वरच्या मॉडेलचं मीटर आणून बसवणं. ऐकायला भारी वाटतं पण यात लोचे फार. पेट्रोलच्या टाकीतला फ्लोट आणि इंजिनवरचा टेम्परेचर सेन्सर यांचा रेझिस्टन्स त्या त्या मीटरशी जुळवलेला असतो, दुसऱ्या गाडीचं मीटर लावलं की टाकी अर्धी असताना काटा "रिकामी" दाखवेल, किंवा उलट, आणि उलट असेल तर तुम्ही घाटात बंद पडाल. स्पीडोमीटरचंही तसंच, एका किलोमीटरला केबल किती फेरे मारते हे गाडीगणिक वेगळं असू शकतं.

तिसरी, चमकणारी डायल शीट, जिला ईएल शीट म्हणतात, पूर्ण डायलच उजळते. दिसायला मस्त. तिच्यासोबत एक छोटा इन्व्हर्टर येतो जो १२ व्होल्टचे शंभरच्या आसपास एसी व्होल्ट करतो, तो बारीक किणकिण आवाज करतो, रेडिओत खरखर आणतो, आणि शीटची चमक वापराबरोबर उतरत जाते. शिवाय बऱ्याच शीटना काटे काढावे लागतात. मला हा खर्च पटत नाही, पण आवड आपली आपली.

चौथी, जास्तीचे गेज लावणं, आरपीएम मीटर (इंजिन मिनिटाला किती फेरे मारतं ते दाखवणारं) वगैरे. ते पुढे सांगतो कारण ८०० मध्ये त्यात एक खास गंमत आहे.

२. सामान

- स्टार स्क्रू ड्रायव्हर, एक मोठा आणि एक आखूड दांड्याचा
- प्लास्टिकची पट्टी, क्लिपा उचकटायला. लोखंडी पेचकस घातला तर डॅशबोर्डवर ओरखडा नक्की
- मल्टीमीटर, साधा चालेल
- कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, पांढरं खोडरबर, कानातल्या काड्या, मऊ ब्रश
- मास्किंग टेप आणि मार्कर
- हेअर ड्रायर
- मॅट पांढरा रंग, छोटी डबी
- एलईडी बल्ब, पण हे मीटर उघडून जुने बल्ब हातात घेतल्यावरच आणायचे

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मीटरमध्ये बहुतेक वेळा दोन साइज असतात, उजेडासाठी टी-१० आणि इशाऱ्याच्या दिव्यांना बारीक टी-५, पण मधल्या काळात कुठल्या वायरमनने काय ठासलंय सांगता येत नाही. पुण्यात असाल तर जुना बल्ब खिशात टाकून तापकीर गल्लीत किंवा नाना पेठेत जा, मुंबईत लॅमिंग्टन रोड, समोर लावून बघून घ्या. फुटलेली काच, तुटलेला होल्डर, मागची फिल्म असलं काही लागलं तर कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात भंगारातलं आख्खं मीटर उचला, सुट्या पार्टपेक्षा ते सोपं पडतं.

३. कागदाचं काय

बल्ब बदलायला आरटीओला विचारावं लागत नाही. पण चालू स्थितीतला स्पीडोमीटर असणं सक्तीचं आहे, १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम ११७ आहे त्याचा. आणि पंधरा वर्षं झालेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करताना फॉर्म २५ भरून गाडी तपासणीला न्यावी लागते, तेव्हा मीटर बंद असेल तर उगाच फेरी वाया. त्यामुळे तपासणीची तारीख जवळ असेल तर हे काम आधी तरी करा किंवा नंतर तरी, ऐन मधे नको.

आख्खं मीटर बदलणार असाल तर जुन्या मीटरचा किलोमीटरचा आकडा दिसेल असा फोटो आणि नव्याचा फोटो, दोन्ही काढून तारखेसह आरसीच्या फाइलमध्ये ठेवा. आणि किलोमीटर कमी दिसतील असं मीटर मुद्दाम लावून गाडी विकणं ही सरळ फसवणूक आहे, ते करायचं नाही.

४. मीटर बाहेर काढणं

आधी चावी ऑन करून एक व्हिडिओ काढा. कुठले दिवे लागतात, पेट्रोलचा काटा कुठे थांबतो, इंजिन सुरू केल्यावर कुठले विझतात, इंडिकेटर, अप्पर, पार्किंग सगळं लावून. पुढे काही लागलं नाही की "हे आधीपासूनच असं होतं का" हा प्रश्न येतोच, तेव्हा हा व्हिडिओच कामाला येतो.

मग बॅटरीचा निगेटिव्ह काढा. आळस करू नका, दोन मिनिटांचं काम आहे.

मीटरच्या वरच्या झाकणाचे स्क्रू आतल्या बाजूला वरच्या कडेत असतात, खाली वाकून वर बघितल्याशिवाय दिसत नाहीत. ते काढल्यावर झाकण स्वतःकडे ओढायचं. इथे सावकाश. पहिली ८०० बाहेर पडली डिसेंबर १९८३ मध्ये आणि शेवटची जानेवारी २०१४ मध्ये, म्हणजे अगदी तरुण ८०० सुद्धा आता दहा वर्षांच्या वरची आहे आणि तिचं प्लास्टिक उन्हात भाजून पापडासारखं झालेलं असतं. हेअर ड्रायरने कडेला थोडी ऊब द्या, मग क्लिपा सुटतात. हिवाळ्यात सकाळी सकाळी हे काम काढू नका.

झाकण निघालं की मीटरचे स्क्रू, मग मीटर थोडं पुढे येतं आणि अडकतं. अडकतं ते स्पीडोमीटरच्या केबलमुळे, ओढू नका. मीटरच्या मागे हात घालून केबलच्या टोकाची प्लास्टिकची जीभ दाबायची, काही गाड्यांत तिथे गोल नट असतो, तो फिरवायचा. हात पुरतच नसेल तर एक युक्ती आहे, बॉनेट उघडून गिअरबॉक्सच्या बाजूने केबल सोडा, मग तिला आत सरकायला जागा मिळते आणि मीटर आरामात पुढे येतं. हे कळेपर्यंत लोक अर्धा तास बोटं सोलून घेतात.

कपलर म्हणजे वायरांचे प्लग काढताना वायरला धरून ओढायचं नाही, कपलरच्या अंगाला धरायचं. प्रत्येकावर टेप लावून नंबर टाका.

५. सफाई, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

मीटर टेबलावर पालथं ठेवा, खाली मऊ कापड. मागे एक प्लास्टिकची पातळ फिल्म दिसेल, तिच्यावर तांब्याच्या पट्ट्या आणि त्यात फिरकीसारखे बसवलेले बल्बचे होल्डर. होल्डर थोडा फिरवला की निघतो.

आता एक होल्डर काढून त्याखालची तांब्याची जागा बघा. ती गुलाबी-चकचकीत असायला पाहिजे. बहुतेक गाड्यांत ती तपकिरी, कधी हिरवट असते आणि होल्डरच्या पत्र्याच्या पायांनी तिथे दोन काळे ठिपके पाडलेले असतात. हाच तो अंधार. बल्बला पूर्ण बारा व्होल्ट पोचतच नाहीत. खोडरबरने हलक्या हाताने घासा, पट्टी उजळली की कॉन्टॅक्ट क्लीनर मारून काडीने पुसा. पॉलिश पेपर नको, तांबं फार पातळ असतं, एकदा उडालं की मग जम्पर वायर सोल्डर करत बसावं लागतं. होल्डरचे पत्र्याचे पाय चपटे झाले असतील तर नखाने किंचित वर उचला म्हणजे ते घट्ट टेकतील.

मग पुढची काच. तिला पेट्रोल, थिनर लावायचं नाही, अजिबात नाही, गॅरेजमधली पोरं पटकन फडकं पेट्रोलमध्ये बुडवतात त्यांना आधीच सांगून ठेवा. काच म्हणतो आपण पण ते प्लास्टिक आहे, थिनरने त्यात बारीक जाळीदार तडे जातात आणि ते परत जात नाहीत. साबणाचं पाणी आणि मऊ कापड, ओरखडे जास्त असतील तर प्लास्टिक पॉलिश. डायलवर मात्र फक्त कोरडा मऊ ब्रश, बोट लावलं की काळ्या मॅट रंगावर तेलकट ठसा राहतो आणि रात्री उजेडात नेमका तोच दिसतो.

आतलं पांढरं कवच म्हणजे बल्बचा उजेड डायलच्या मागे पसरवणारा आरसाच. तो पिवळा-तपकिरी झाला असेल, बल्बच्या वर तर भाजल्याचा डाग असेल. मॅट पांढऱ्या रंगाचा एक पातळ हात द्या, वाळू द्या रात्रभर. काही व्हिडिओत लोक ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावतात, ती लावू नका, एक कडा सुटून तांब्याच्या पट्टीवर पडली की शॉर्ट.

आणि अर्थिंग. मीटर जोडून, बॅटरी लावून, पार्किंग लाइट ऑन करून मल्टीमीटरचं एक टोक मीटरच्या अर्थच्या पिनवर, दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर. व्होल्टेज जवळपास शून्य पाहिजे, ०.२ च्या वर दाखवत असेल तर अर्थ खराब आहे. डॅशबोर्डखाली बॉडीला जिथे काळी वायर स्क्रूने लावलेली असते तिथला रंग-गंज खरवडून पुन्हा घट्ट करा. खराब अर्थिंगची ओळख सांगतो, हेडलाइट लावला की पेट्रोलचा किंवा टेम्परेचरचा काटा जागचा हलतो. हे तुमच्या गाडीत होत असेल तर कुठलाही महागडा बल्ब काही करू शकणार नाही.

एवढं करून आधी जुन्याच बल्बवर रात्री बघा. बऱ्याच जणांचं समाधान इथेच होतं.

६. एलईडी निवडणं

रंगापासून सुरुवात करू कारण तिथेच सगळे फसतात. जुन्या मीटरमध्ये बल्बवर हिरवी किंवा निळी टोपी असते किंवा डायलच्याच मागे रंगीत थर असतो. त्यातून फक्त तोच रंग बाहेर येतो. हिरव्या थरामागे लाल एलईडी लावली तर जवळपास अंधारच. थर तसाच ठेवायचा असेल तर त्याच रंगाची एलईडी घ्या किंवा पांढरी घेऊन टोपी काढून टाका.

काटा केशरी किंवा लाल असेल तर निळी एलईडी विसरा. लाल रंगाला दिसायला लाल उजेड लागतो, निळ्यात तो नसतोच, त्यामुळे आकडे झगझगीत आणि काटा काळपट, म्हणजे वेग सोडून बाकी सगळं दिसणार. मी तर वॉर्म व्हाइट म्हणजे ३००० केल्विनच्या आसपासची घ्या म्हणेन, डोळ्याला शांत, रात्रीच्या लांबच्या प्रवासात निळ्या-पांढऱ्या उजेडाने डोळे थकतात.

आकार असा घ्या की उजेड चोहोबाजूंनी पडेल. नुसता टोकाला एक चिप असलेला बल्ब समोर एक प्रखर ठिपका पाडतो, आणि शंभरचा आकडा सूर्यासारखा, वीसचा अंधारात. "कॅनबस" लिहिलेली महाग एलईडी आपल्या गाडीला लागत नाही, ती नव्या गाड्यांचा कॉम्प्युटर फसवायला असते, उगाच गरम होते.

लावताना दोन गोष्टी. एलईडीला प्लस-मायनस असतो, लागली नाही तर खराब समजू नका, काढून उलटी करून लावा. आणि बारीक पाय वाकवताना ते एकमेकांना चिकटणार नाहीत हे बघा. बहुतेक जुन्या गाड्यांत मीटरचा उजेड, पार्किंग आणि मागचे टेल लॅम्प एकाच फ्यूजवर असतात, मीटरमध्ये शॉर्ट झाला की मागचे लाल दिवेही जातात, आणि ते तुम्हाला आतून कळत नाही, मागून येणाऱ्या ट्रकला कळतं. म्हणून काम झाल्यावर खाली उतरून मागे जाऊन बघा.

इशाऱ्याच्या दिव्यांचे रंग बदलायचे नाहीत. अप्परचा निळा, ऑइलचा लाल, इंडिकेटरचा हिरवा, तसेच राहू द्या.

काही जुन्या गाड्यांत डाव्या-उजव्या दोन्हीसाठी इंडिकेटरचा एकच दिवा असतो. तो डाव्या आणि उजव्या वायरच्या मधे जोडलेला असतो, करंट कधी इकडून तिकडे कधी तिकडून इकडे, त्यामुळे साधी एलईडी एकाच बाजूला लागते. तिथे दोन्ही बाजूंनी चालणारी एलईडी लागते, नाहीतर जुना बल्बच बरा.

७. चार्जिंगच्या दिव्याला हात लावू नका

हा मुद्दा वेगळा काढला कारण बॅटरी बसण्याचं गूढ इथे आहे. चावी ऑन केल्यावर लाल बॅटरीचा दिवा लागतो तो नुसता दाखवायला नसतो. बऱ्याच जुन्या अल्टरनेटरना चार्जिंग सुरू करायला जो सुरुवातीचा करंट लागतो तो याच बल्बमधून जातो. बल्बच्या जागी एलईडी लावली की करंट अगदी नगण्य होतो, अल्टरनेटर जागाच होत नाही किंवा बराच रेस दिल्यावर होतो. गाडी चालते, दिवे लागतात, आणि सिग्नलला उभं राहून राहून एका सकाळी स्टार्टर नुसता टकटक करतो. मग लोक अल्टरनेटर रिपेअरला टाकतात.

एलईडी लावायचीच असेल तर तिच्या समांतर साधारण १०० ओहमचा रेझिस्टर लागतो, तोही किमान ५ वॉटचा कारण त्यात दीड वॉटच्या आसपास उष्णता होते, आणि तो प्लास्टिकच्या फिल्मला टेकवायचा नाही. त्यापेक्षा दहा-वीस रुपयांचा साधा नवा बल्ब लावा आणि विषय संपवा.

८. काटे काढायचे झाले तर

डायल बदलायची किंवा काट्याला रंग द्यायचा असेल तरच. स्पीडोमीटरच्या आत काटा गिअरने फिरत नाही, केबल एक चुंबक फिरवते, त्याच्या भोवती ॲल्युमिनियमची वाटी असते, ती ओढली जाते आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे धरते. ओटो शुल्झे नावाच्या जर्मन माणसाने १९०२ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना आपल्या ८०० पर्यंत तशीच आली. काटा जोरात फिरवला की ती स्प्रिंग वाकते आणि मीटर कायमचं खोटं बोलतं.

काढण्याआधी काटा शून्याच्या खिळीवरून अलगद पलीकडे सोडा. तो शून्याच्या खाली कुठेतरी जाऊन स्थिर होईल, ती त्याची खरी विश्रांतीची जागा. तिथे मास्किंग टेपवर खूण करा. परत बसवताना त्याच खुणेवर बसवून मग उचलून खिळीच्या वर आणायचा. थेट शून्यावर बसवला तर मीटर वेग जास्त दाखवणार.

काढताना दोन चपटे चमचे दोन बाजूंनी, खाली कापड, आणि सरळ वर. फिरवायचं नाही.

९. आरपीएम मीटर लावायचंय?

वायर इग्निशन कॉइलच्या निगेटिव्हवरून घ्यायची, चावीचा प्लस, अर्थ, आणि उजेडाची वायर पार्किंग लाइटवरून, म्हणजे बाकी मीटरबरोबर लागेल-विझेल. मधे छोटा फ्यूज टाका. वायर जोडताना नुसती पिळून टेप मारू नका, उन्हात टेपचा चिकटा सुटतो, सोल्डर करून वर श्रिंक ट्यूब.

आता गंमत. बाजारातल्या स्वस्त आरपीएम मीटरवर ४, ६, ८ सिलिंडरचं बटण असतं, आणि ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन आहे तीन सिलिंडरचं. तीनचं बटणच नाही. दुकानदार म्हणतो चारवर ठेवा, मग मीटर खऱ्याच्या पाऊणपट दाखवतं, इंजिन ४००० वर असताना ३०००. सहावर ठेवलं की बरोबर निम्मं दाखवतं, म्हणजे दुप्पट करून वाचायचं, हिशोब तरी सोपा. तीन सिलिंडरचा पर्याय असलेलं मिळालं तर दोन पैसे जास्त द्या. एमपीएफआय गाडीत, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवाल्या, हे असंच्या असं करू नका, तिथे ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) वायरला हात लावायच्या आधी माहितगार इलेक्ट्रिशियन गाठा.

१०. परत जोडणं आणि तपासणं

सगळं स्क्रूने आवळायच्या आधी मीटर कपलरला जोडून हातातच धरून टेस्ट करा, नाहीतर एका उलट्या एलईडीसाठी पुन्हा सगळं खोलावं लागतं. पहिला व्हिडिओ समोर लावा आणि एक एक दिवा जुळवा.

स्पीडोची केबल बसवताना आतली चौकोनी तार मीटरच्या भोकात नीट गेली का बघा, "टक" असा आवाज येईपर्यंत दाबा. केबल कुठे तीव्र वळणात अडकली नाही ना तेही बघा, नाहीतर काटा थरथरत राहतो आणि डॅशबोर्डमागून किरकिर येते. आधीपासूनच थरथरत असेल तर आतली तार ओढून पुसून थोडं ग्रीस, वरच्या टोकाचा वीतभर भाग कोरडा ठेवून, कारण ग्रीस वर चढून मीटरमध्ये गेलं की वाटी चिकटते.

मग मोकळा सरळ रस्ता बघून, शेजारी कोणाला तरी बसवून, मोबाइलचं जीपीएस लावा आणि ४० आणि ६० ला दोन्ही वेग ताडून बघा. स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा थोडा जास्त दाखवत असेल तर ठीक, कंपन्या मुद्दामच तसं ठेवतात. कमी दाखवत असेल तर काटा चुकीच्या जागी बसलाय किंवा टायर मूळ साइजपेक्षा मोठे आहेत, तसंच ठेवून एक्सप्रेसवेवर गेलात तर चलन घरी येईल. चार्जिंगसाठी इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मल्टीमीटर लावा, १३.८ ते १४.४ च्या दरम्यान दाखवलं की चार्जिंग चालू आहे, मग हेडलाइट लावून परत एकदा बघा.